१९ वेळा सेप्सिस आणि आलेखातली सपाट जागा

मुलगा ८ वर्षांचा. आधीच्या ४ वर्षांत त्याला १९ वेळा सेप्सिस झालेला, म्हणजे संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतलेलं. त्यांतल्या १० खेपांना रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, न्यूमोकॉकस सापडला. न्यूमोनिया, कानातला पू आणि मेंदूज्वर या तिन्हींसाठी बदनाम असलेला हा जंतू. प्रत्येक वेळी प्रतिजैविकं दिली की मूल सावरायचं आणि काही काळाने पुन्हा तापाने फणफणायचं.

अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात बालरोग विभाग सांभाळणारे कर्नल ऑग्डेन ब्रूटन हे त्याचे डॉक्टर. १९५२ साली त्यांनी 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात त्याच्यावर एक लहानसा लेख लिहिला. पांढऱ्या पेशी एखाद्या ठरावीक जंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध नेमकी तयारी कशी करतात, हे समजून घ्यायला इतकं सोयीचं प्रकरण क्वचितच मिळतं. या मुलाच्या शरीरातली सगळी यंत्रणा शाबूत होती, फक्त तिचा एक धागा तुटलेला होता. त्यामुळे तो धागा नेमकं काय काम करतो आणि काय करत नाही, हे जवळजवळ प्रयोग केल्यासारखं स्वच्छ दिसतं.

हा आजार १९५२ मध्ये जन्माला आला असं मात्र नाही. त्याआधीही अशी मुलं जन्मत असणारच. फक्त पहिल्या-दुसऱ्या न्यूमोनियातच ती दगावायची आणि 'न्यूमोनियाने गेलं' एवढीच नोंद व्हायची. तोच आजार एकाच मुलाला इतक्या वेळा होताना दिसायला ते मूल आधी जगायला हवं. पेनिसिलिनने या मुलांना जगवलं आणि त्यांचा खरा आजार उजेडात आला.

शंका कुठून आली

एकच जंतू पुन्हा पुन्हा येतो म्हटल्यावर पहिला प्रश्न असा, की शरीर त्याला लक्षात का ठेवत नाही? पण हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. न्यूमोकॉकसच्या अंगाभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं जाड वेष्टण असतं आणि त्याच्या रचनेनुसार या जंतूचे प्रकार पडतात. आज असे सुमारे १०० प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी कामी येत नाही. तेव्हा एखादं मूल दर खेपेला नव्याच प्रकाराला बळी पडतंय, नशीबच फुटकं, असाही युक्तिवाद करता आला असता.

ही पळवाट बंद करायला एक सोपा उपाय होता. वेष्टणाची साखर शुद्ध करून लस म्हणून टोचायची आणि काही आठवड्यांनी रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे तिला नेमकी चिकटणारी प्रथिनं) शोधायची. ८ वर्षांच्या निरोगी मुलात ती मिळायलाच हवीत. या मुलात मिळाली नाहीत. म्हणजे जंतू चलाख होता म्हणून हे घडत नव्हतं. उत्तर देणारंच कुणी जागेवर नव्हतं.

पुढची चाचणी इलेक्ट्रोफोरेसिसची. रक्त गोठलं की वर जो पिवळसर द्रव राहतो ते सीरम. त्यातून विद्युतप्रवाह सोडला की प्रथिनं आपापल्या विद्युतभारानुसार कमी-जास्त वेगाने सरकतात आणि आलेखावर वेगवेगळे उंचवटे दिसतात. सगळ्यांत पुढे अल्ब्युमिनचा उंच सुळका, मग अल्फा, बीटा आणि शेवटी गॅमा. हे तंत्र स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांचं, त्यांना १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९३९ मध्ये त्यांनी आणि एल्विन कबाट यांनी लस टोचलेल्या सशाचं सीरम घेतलं, त्यातली प्रतिपिंडं काढून टाकली आणि पुन्हा आलेख काढला. गॅमाचा उंचवटा खचला होता. प्रतिपिंडं बहुतांशी या गॅमा भागात असतात, हे तेव्हापासून ठाऊक होतं.

या मुलाच्या आलेखात अल्ब्युमिन होतं, अल्फा होतं, बीटा होतं. गॅमाच्या जागी रेघ सपाट गेलेली.

न्यूट्रोफिल असूनही

रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा येतो, मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर. त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात. जंतू दिसला की त्याला गिळायचं, हे त्यांचं काम. ब्रूटन यांनी वर्णन केलेल्या आजारात न्यूट्रोफिल सहसा असतात आणि धडधाकटही असतात. मग ते न्यूमोकॉकस गिळत का नाहीत?

कारण तो त्यांच्या हाती लागत नाही. साखरेच्या वेष्टणामुळे न्यूमोकॉकस म्हणजे अंगाला तेल चोपडून आखाड्यात उतरलेला पैलवान. न्यूट्रोफिल त्याला भिडतो आणि तो निसटतो. पकड घ्यायला वेष्टणावर काहीतरी चिकटलेलं असावं लागतं, आणि ते काम प्रतिपिंडं करतात. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. दोन टोकं वेष्टणातल्या साखरेला नेमकी बसतात आणि मागचा दांडा बाहेर राहतो. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर हा दांडा धरणारे ग्राही असतात. शिवाय प्रतिपिंड चिकटलं की रक्तातली कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची मालिका जागी होते आणि जंतूवर आणखी खुणा चिकटवते. आता तोच न्यूट्रोफिल तोच जंतू चटकन गिळून टाकतो.

नैसर्गिक आणि विशिष्ट असे प्रतिकाराचे दोन कप्पे पाडून शिकवायची पद्धत आहे, पण या मुलाकडे पाहिलं की ते कप्पे फार खोलवर वेगळे नाहीत हे कळतं. त्याचं नैसर्गिक सैन्य पुरेसं होतं. विशिष्ट प्रतिकाराने जंतूवर खूण करून दिली नाही म्हणून ते नुसतं उभं राहिलं. मारण्याचं बरंचसं काम शेवटी जुन्याच, ढोबळ पेशी करतात. कुणाला मारायचं हे सांगायचं काम लिम्फोसाइटचं.

खूण कोण तयार करतं

पांढऱ्या पेशींतल्या साधारण २० ते ४० टक्के पेशी लिम्फोसाइट असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सगळ्या सारख्याच दिसतात: लहान, गोल, जवळजवळ पूर्ण पेशी केंद्रकानेच व्यापलेली. त्यांच्या बी आणि टी अशा दोन जाती, प्रतिपिंडं बनतात ती बी-पेशींपासून. वेगळेपण पृष्ठभागावरच्या ग्राहींमध्ये असतं. एका बी-पेशीवर सुमारे लाखभर ग्राही असतात आणि ते सगळे एकाच घडणीचे, एकाच लक्ष्यासाठीचे. शेजारच्या बी-पेशीचे ग्राही निराळे. जंतू येण्याच्या कितीतरी आधी, अस्थिमज्जेत, जनुकांचे तुकडे कापून-जोडून प्रत्येक पेशी आपला ग्राही घडवते. सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. जंतू येतो तेव्हा तो ग्राही घडवत नाही, आधीच असलेल्या लाखो पेशींतून ज्या दोन-चार पेशींना तो बसतो त्यांना निवडतो. निवडलेल्या पेशी वाढतात, बाकीच्या तशाच राहतात. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी ही निवडीची कल्पना १९५७ मध्येच मांडली होती.

आता लिम्फ नोडमध्ये, म्हणजे गळ्यात-काखेत असणाऱ्या लहान गाठींमध्ये, नेमकं काय चालतं ते जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे.

जखमेतून किंवा घशातून जंतू आत आला की तिथल्या पहारेकरी डेंड्रायटिक पेशी त्याचे तुकडे उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून जवळच्या लिम्फ नोडमध्ये जातात. वाटेत त्या जंतूची प्रथिनं चिरून लहान पेप्टाइड करतात आणि एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडतात. नोडमध्ये टी-पेशींची सतत ये-जा चालू असते. ते ठरावीक पेप्टाइड ओळखणारी टी-पेशी दर लाखात किंवा दहा लाखांत एखादीच सापडते, म्हणून डेंड्रायटिक पेशी एका जागी थांबते आणि टी-पेशी तिच्या अंगावरून सरकत जातात. जुळलं की ती टी-पेशी थांबते, फुगते, आणि एखाद्या दिवसाने विभागायला लागते. चार-पाच दिवसांत एकीच्या हजारो होतात. गळ्यातली गाठ सुजते आणि दुखते ती याच काळात.

त्याच नोडच्या दुसऱ्या भागात बी-पेशी असतात. त्यांना पेप्टाइडची गरज नसते; त्यांचा ग्राही अख्ख्या जंतूच्या पृष्ठभागालाच चिकटतो. चिकटलेला जंतूचा भाग (प्रतिजन) बी-पेशी आत ओढते, चिरते आणि तीही त्याचे पेप्टाइड एमएचसीवर मांडते. मग ती टी-पेशींच्या भागाच्या सीमेवर येते. तिथे वाढलेली मदतनीस टी-पेशी तिच्याकडे तेच पेप्टाइड पाहते आणि सीडी४० या रेणूमार्फत 'पुढे जा' असा इशारा देते. एकाच जंतूला दोन वेगळ्या पेशींनी दोन वेगळ्या प्रकारे ओळखल्याशिवाय हा इशारा मिळत नाही. हा दुहेरी बंदोबस्त आहे. नाहीतर आपल्याच शरीराला चुकून चिकटणाऱ्या बी-पेशींनी कधीच धुमाकूळ घातला असता.

इशारा मिळालेल्या काही बी-पेशी लगेच प्लाझ्मा पेशी होऊन घाईघाईने आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं सोडतात. काही मात्र नोडमधल्याच जर्मिनल सेंटर नावाच्या भागात शिरतात. तिथे त्या भराभर विभागतात आणि विभागताना आपल्या ग्राहीच्या जनुकात मुद्दाम बदल घडवतात. बहुतेक बदलांनी ग्राही बिघडतो आणि पेशी मरते. ज्या मोजक्या पेशींत पकड अधिक घट्ट झाली, त्यांनाच टी-पेशींची मदत मिळते. दोन-तीन आठवड्यांत ही छाननी पुन्हा पुन्हा होऊन उरतात त्या पेशींची प्रतिपिंडं सुरुवातीपेक्षा कितीतरी पट घट्ट बसतात. त्यांचा प्रकारही आयजीएमवरून आयजीजीवर गेलेला असतो. यांतल्या काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं सोडत राहतात. एक प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारांच्या घरात रेणू सोडू शकते. उरलेल्या स्मृतिपेशी म्हणून गप्प फिरत राहतात.

वेष्टणातली साखर या नियमाला अपवाद आहे, आणि या प्रकरणात तो महत्त्वाचा. एमएचसीच्या खाचेत प्रथिनाचे तुकडे बसतात, साखर बसत नाही. त्यामुळे नुसत्या साखरेविरुद्ध टी-पेशींची मदत मिळत नाही. तरीही साखरेची साखळी एकच घटक शेकडो वेळा गिरवत असल्याने एका बी-पेशीचे कितीतरी ग्राही एकदम ओढले जातात आणि तेवढ्यावर ती जागी होते. हे काम मुख्यतः प्लीहेतल्या एका खास जातीच्या बी-पेशी करतात. २ वर्षांखालच्या मुलांत हा मार्ग कच्चा असतो, म्हणून नुसत्या साखरेची लस तान्ह्या बाळांना उपयोगी पडत नाही. त्यावर तोड अशी निघाली, की साखर एखाद्या प्रथिनाला जोडायची. बी-पेशी साखर ओळखून चिकटते, पण गिळते ती जोडगोळी. मग प्रथिनाचे तुकडे मांडून टी-पेशींची मदत मिळवते. न्यूमोकॉकसची अशी जोड-लस अमेरिकेत २००० साली आली. प्रतिकारशास्त्राच्या पुस्तकी ज्ञानातून सरळ हातात पडलेल्या लसी मोजक्याच. माझ्या मते त्यांत ही सगळ्यांत देखणी.

ब्रूटन यांच्या रुग्णाला दिलेली लस जुन्या धाटणीची, नुसत्या साखरेची होती. पण तो ८ वर्षांचा होता, त्यामुळे वयाचं कारण लागू पडत नव्हतं. टी-पेशींचं तर या मार्गात कामच नाही. राहता राहिल्या बी-पेशी.

बिघाड कुठे होता

१९५२ मध्ये हे वाक्य कुणाला लिहिता आलं नसतं. बी आणि टी अशी विभागणीच तेव्हा ठाऊक नव्हती. प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडं बनवतात हे ॲस्ट्रिड फॅग्रियस यांनी १९४८ मध्ये दाखवलं होतं. पुढे रॉबर्ट गुड यांनी असे रुग्ण तपासले तेव्हा त्यांच्या अस्थिमज्जेत आणि लिम्फ नोडमध्ये प्लाझ्मा पेशीच सापडेनात. कारखाना बंद आहे इतकं कळलं. का बंद आहे ते कळलं नाही.

उत्तराचा एक तुकडा कोंबड्यांकडून आला. पक्ष्यांच्या शेपटीजवळ बर्सा नावाची एक पिशवी असते. ब्रूस ग्लिक यांनी बर्सा काढून टाकलेल्या काही कोंबड्या टिमथी चँग यांच्या वर्गातल्या प्रात्यक्षिकात वापरल्या गेल्या आणि त्यांच्यात प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. मोठ्या नियतकालिकाने हा शोधनिबंध नाकारला आणि १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला, जिथे माणसांचे डॉक्टर सहसा फिरकत नाहीत. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांचं थायमस (छातीतली एक ग्रंथी) काढून टाकलं, तर ते परक्या कातडीचं कलमही मुकाट्याने स्वीकारू लागले. मग मॅक्स कूपर आणि गुड यांनी १९६५ मध्ये कोंबड्यांवरच दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्या: बर्सा गेला की प्रतिपिंडं जातात, कलम नाकारण्याची ताकद राहते, थायमस गेलं की नेमकं उलट. लिम्फोसाइटची दोन घराणी आहेत हे तेव्हा पक्कं झालं. माणसात बर्साचं काम अस्थिमज्जा करते.

जनुक सापडायला १९९३ उजाडलं. एक्स गुणसूत्रावरच्या बीटीके या जनुकात दोष असतो, असं दोन गटांनी एकाच वर्षी सांगितलं. बीटीके हे बी-पेशीच्या आत निरोप पोचवणारं प्रथिन. अस्थिमज्जेत घडणारी बी-पेशी आधी ग्राहीचा जड भाग तयार करते आणि तो नीट जमला का, याची परीक्षा घेते. जमला तर 'जग, वाढ' असा निरोप आत जातो, तो बीटीकेमार्फत. प्रथिनच नसेल तर ग्राही उत्तम जमूनही निरोप पोचत नाही आणि पेशी तिथेच मरते. अस्थिमज्जेत अर्धवट घडलेल्या पेशींची गर्दी, रक्तात बी-पेशी जवळजवळ शून्य, हे चित्र त्यामुळे. १९५२ च्या मुलाचं जनुक तपासण्याची सोयच तेव्हा नव्हती. या आजाराची बहुतेक मुलं पहिल्या-दीड वर्षातच आजारी पडू लागतात आणि हा मुलगा चौथ्या वर्षानंतर. तेव्हा त्याचा दोष बीटीकेचाच होता असं छातीठोकपणे म्हणू नये. ब्रूटन यांचं नाव मात्र याच आजाराला चिकटलं.

आजार एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून मुलांना होतो आणि आई वाहक असते. त्या आईच्या रक्तात एक मजेदार पुरावा मिळतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो. कोणता, ते नशिबावर. वाहक आईच्या टी-पेशी पाहिल्या तर काहींत सदोष एक्स चालू, काहींत निरोगी. बी-पेशी पाहाव्यात तर सगळ्यांत निरोगी एक्सच चालू. ज्यांत सदोष एक्स चालू होता, त्या बी-पेशी घडतानाच मेल्या. बीटीकेवाचून टी-पेशीचं अडत नाही, बी-पेशीचं सगळंच अडतं, हे एका निरोगी बाईच्या रक्तात इतकं ठळक लिहिलेलं असतं.

जे शाबूत होतं

अशा मुलांची दुसरी बाजूही डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आली. न्यूमोकॉकससारख्या वेष्टणवाल्या जंतूंपुढे हतबल होणारी ही मुलं गोवरातून मात्र इतर मुलांसारखीच बरी व्हायची, आणि गोवर सहसा परत यायचा नाही. क्षयाची त्वचाचाचणी त्यांच्यात सकारात्मक येऊ शकायची. परक्या कातडीचं कलमही ती नाकारायची.

गोवराचा विषाणू पेशीच्या आत शिरून बसतो, तिथे प्रतिपिंडांचा हात पोचत नाही. पण प्रत्येक पेशी आत काय बनतंय त्याचे नमुने एमएचसीवर बाहेर मांडत असते. विषाणूचे तुकडे दिसले की सीडी८ जातीची मारक टी-पेशी त्या पेशीला भोक पाडून, आतून आत्महत्या करायला लावते. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की ही टी-पेशी विषाणूचा तुकडा आणि स्वतःच्या शरीराचा एमएचसी, दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय हलत नाही. क्षयाच्या जंतूचं वेगळं: तो मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात लपतो आणि मदतनीस टी-पेशी त्या मॅक्रोफेजला चेतवतात. दोन्हीकडे काम टी-पेशींचं, आणि टी-पेशी तर या मुलांकडे आहेत.

यावरून 'विषाणूंना टी, जंतूंना बी' असं सूत्र पाठ करायचा मोह होतो, पण ते सूत्र या मुलांच्याच बाबतीत जिवावर बेततं. पोटातून शिरून रक्तावाटे मेंदूपर्यंत जाणारे एंटरोव्हायरस वाटेत अडवायला प्रतिपिंडं लागतात. ती नसली की मेंदूत वर्षानुवर्षं धुमसणारा संसर्ग होऊ शकतो. पोलिओचा विषाणू याच घराण्यातला, म्हणून तोंडावाटे देण्याची जिवंत पोलिओ लस या मुलांना देत नाहीत. लसीतल्या विषाणूनेच लकवा होऊ शकतो. गोवर आतल्या आत निपटला म्हणून सगळे विषाणू निपटतील असं नाही.

उपचार, आणि त्याच्या मर्यादा

ब्रूटन यांचा उपाय अगदी साधा होता. जे नाही ते बाहेरून द्यायचं. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी रक्तद्रवातली प्रथिनं वेगळी करण्याची पद्धत बसवली होती, त्यामुळे गॅमा ग्लोब्युलिन बाटलीत मिळू लागलं होतं. ब्रूटन यांनी ते मुलाच्या कातडीखाली टोचलं. आलेखात गॅमाचा उंचवटा उगवला, आणि काही आठवड्यांत विरला. मग दर महिन्याला टोचायला सुरुवात केली. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ सेप्सिस फिरकला नाही.

दर महिन्यालाच का, याचं उत्तर आयजीजीच्या आयुष्यात आहे. रक्तातलं आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं. निरोगी माणसात प्लाझ्मा पेशी ती तूट रोज भरून काढतात, इथे भरणारं कुणी नाही. आजही हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचंच दुसरं नाव) शिरेतून तीन-चार आठवड्यांनी किंवा कातडीखाली आठवड्याला देतात, आणि ते जन्मभर. तान्हं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं तेही याच हिशोबाने: आईचं आयजीजी वारेतून आलेलं असतं, ते संपत आलं की आजारपणं सुरू होतात.

बाहेरून दिलेलं प्रतिपिंड आयतं असतं. ते न्यूमोकॉकसवर खूण करतं, न्यूट्रोफिल कामाला लागतात, मूल वाचतं. पण त्यातून स्मृती तयार होत नाही, आणि दात्यांना कधी भेटलाच नाही अशा नव्या जंतूविरुद्ध त्यात काही नसतं. श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारं आयजीए हे प्रतिपिंडही या औषधात नावापुरतंच असतं. म्हणून नियमित उपचार घेणाऱ्या काहींची सायनसची दुखणी चालूच राहतात आणि फुप्फुसाच्या नळ्या हळूहळू सैलावतात. यंत्रणा दुरुस्त झालेली नसते, तिचा माल उसना आणलेला असतो.

आज असं मूल समोर आलं तर

नेहमीच्या रक्ततपासणीवर विसंबलं तर फसगत ठरलेली. रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये बी-पेशी जेमतेम ५ ते २० टक्के. त्या साफ नाहीशा झाल्या तरी टी-पेशींच्या गर्दीत लिम्फोसाइटचा आकडा नॉर्मलच्या आत राहू शकतो. घसा पाहणं त्यापेक्षा उपयोगी: टॉन्सिल बहुतांशी बी-पेशींचेच बनलेले असतात, आणि वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले असायला हवेत. या मुलांचे ते दिसतच नाहीत. त्यानंतर इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि फ्लो सायटोमेट्री या पेशी मोजायच्या चाचणीने सीडी१९ ही बी-पेशींची खूण मोजली की निदान हातात येतं. बी-पेशी २ टक्क्यांहून कमी, टी-पेशी व्यवस्थित, आणि रुग्ण मुलगा असेल तर पुढची पायरी बीटीकेची.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या या रुग्णांत दोन्ही बाजूंनी दगा देतात. उपचाराआधी संसर्ग असूनही चाचणी नकारात्मक येते, कारण प्रतिपिंड बनवणारं कुणी नाही. उपचार सुरू झाल्यावर कधीच न झालेल्या आजाराची चाचणी सकारात्मक येते, कारण ती प्रतिपिंडं दात्यांची आहेत. इथे जंतूच शोधायचा, पीसीआर किंवा कल्चर करून. आणि इम्युनोग्लोब्युलिन सुरू करायच्या आधीच रक्ताचा नमुना बाजूला काढून ठेवायचा. नंतर तो मिळत नाही.

जन्मजात आजार दुर्मीळ असला तरी असंच चित्र आता औषधांनीही तयार होतं. लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) आणि काही सांधेदुखींसाठी वापरलं जाणारं रिटुक्सिमॅब बी-पेशींवरच्या सीडी२० या खुणेला चिकटतं आणि त्या पेशी मारतं. प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतं, म्हणून त्या वाचतात. परिणाम असा, की लहानपणी झालेल्या गोवराची प्रतिपिंडं रक्तात तशीच राहतात, पण आज दिलेल्या नव्या लसीला उत्तर मिळत नाही. जुना माल गोदामात, नवं उत्पादन बंद. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं इब्रुटिनिब तर बीटीकेच अडवतं: जे प्रथिन नसल्याने लहान मुलं मरणाच्या दारात जायची, तेच बंद पाडून बी-पेशींचा कर्करोग आवरायचा. अशा रुग्णाला न्यूमोकॉकसची लस द्यायची तर ती शक्यतो उपचार सुरू होण्याच्या किमान दोन ते चार आठवडे आधी. रिटुक्सिमॅब आधीच दिलं गेलं असेल तर साधारण सहा महिने थांबून, नव्या बी-पेशी अस्थिमज्जेतून आल्या आहेत का ते सीडी१९ मोजून पाहायचं आणि मगच टोचायचं.